अलकाची उजवी सीट

मी, डॉ. पद्माकर रघुनाथ सोमण, वय ६८, राहणार राउंडहे, लीड्स, माझ्या पश्चात काय व्हावं ते स्वखुशीनं लिहून ठेवतो. भूलतज्ज्ञ म्हणून सगळी नोकरी दुसऱ्यांना बेशुद्ध करण्यात गेली. आज मी स्वतः पूर्ण शुद्धीवर आहे. कुणाचा दबाव नाही. दमलो मात्र आहे, आणि माझं हृदय फार साथ देणार नाही हे मला कुणी समजावून सांगायला नको. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा माझी पत्नी अलका बरी होती. आता तिची स्मृती जवळजवळ गेली आहे.

कलम १. घर आणि बचत अलकाच्या देखभालीसाठी. ती हयात असेपर्यंत घर विकू नये आणि तिला केअर होममध्ये ठेवू नये. घरी नर्स ठेवावी. तिच्यानंतर सगळं आमचा मुलगा राजीव याचं. तो लंडनजवळच्या एजवेअरहून येतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, "बाबा, बी रिअलिस्टिक. आईला प्रॉपर केअर पाहिजे. आणि तो गाडी विकून टाका." मुलगा वाईट नाही, घाईत असतो.

कलम २. 'तो गाडी' म्हणजे गॅरेजमधली लाल फेरारी. मी लवकर निवृत्ती घेतल्यावर, मिरजेचा माझा वर्गमित्र, आता लीड्समध्येच राहणारा डॉ. शशिकांत गुप्ते आणि मी, आम्ही जपानमधल्या लिलावांतून जुन्या इटालियन गाड्या आणून इथे विकायचा धंदा काढला. तिथल्या श्रीमंतांचे दिवस फिरले होते, गाड्या स्वस्तात निघत होत्या. स्टीअरिंग कुठल्या बाजूला आहे ते आधी विचारून घे, असं मी शशिकांतला म्हटलं होतं. तो म्हणाला, "अरे, जपानमध्ये ट्रॅफिक आपल्यासारखंच लेफ्टनी. मग स्टीअरिंग राइटलाच असणार ना? उगाच फस करू नकोस." साउदॅम्प्टनला तीन गाड्या उतरल्या, तिन्हींचं स्टीअरिंग डावीकडे. परदेशी गाडी परदेशी दिसावी म्हणून जपानमधले शौकीन मुद्दाम तशीच घ्यायचे, हे आम्हाला धक्क्यावर उभं राहून कळलं. दोन बेल्जियमला गेल्या, तिसरी कुणी घेईना. शशिकांत मात्र इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सांगत फिरला की घाई पद्माकरनं केली. तेव्हापासून आम्ही एकाच आरतीला उभे राहतो आणि एकमेकांकडे बघत नाही. माझा राग गेलेला नाही, याची नोंद घ्यावी.

पुढे अलकाला विसर पडू लागला आणि ती कुठल्याच गाडीत बसेना. या एका गाडीत बसली. गाडी इतकी बुटकी की पाटावर बसल्यासारखं बसावं लागतं. तिला ते ओळखीचं वाटलं असावं. स्टीअरिंग डावीकडे, त्यामुळे ती उजवीकडे, इथे ड्रायव्हर बसतो तिथे. सिग्नलला लोक बघू लागले की ती दोन्ही हात वर करते आणि हसते. एकदा ऑटलीच्या रस्त्यावर पोलिसानं थांबवून तिलाच विचारलं, "यू ऑल राइट, मॅडम?" ती म्हणाली, "आय ॲम नॉट ड्रायव्हिंग. आय ॲम सिंगिंग." रविवारच्या त्या फेरीत ती माझी जुनी अलका असते. मरणाची मला भीती नाही. माझ्यामागे तिची ही फेरी बंद पडेल, याची आहे.

कलम ३. म्हणून गाडी शशिकांतला द्यावी. या रस्त्यांवर ती चालवायला माझ्याखेरीज त्यालाच जमतं, आणि अलका त्याला अजून 'शशीभावजी' अशी हाक मारते. अट एकच: दर रविवारी तिला फिरवून आणावं, पाऊस असला तरी. उतरवताना दोन्ही हात धरावे लागतात आणि तिच्या कमरेला जपावं लागतं. गाडी विकायला काढली तर हक्क संपला. मी त्याला माफ केलं असा अर्थ कुणी काढू नये. गाडीचं आणि अटीचं सांगायला राजीवनं स्वतः त्याच्या घरी जावं, फोनवर उरकू नये. शशिकांत आधी नाही म्हणेल. तरी बसून राहावं.

कलम ४. मी गेल्याचं अलकाला एकदाच सांगावं. ती रडेल, मग विसरेल, आणि विचारेल, "हे कुठे आहेत?" प्रत्येक वेळी खरं सांगून तिला पुन्हा पुन्हा विधवा करू नये. राजीव, नर्स, शशिकांत, सगळ्यांनी एकच उत्तर द्यावं: पार्किंग शोधतायत, येतीलच.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांच्या समक्ष सही केली.

(सही) पद्माकर रघुनाथ सोमण

साक्षीदार, दोघेही शेजारी, दोघांनाही यातलं काही मिळणार नाही:
१. डॉ. अनुराधा केळुसकर (सही)
२. मि. केनेथ हॉलिंग्ज (सही)

लीड्स, १४ नोव्हेंबर १९९७