फकिरा आजोबांचं नाव दगडावर कसं चढलं

बेला, जि. आदिलाबाद
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अनंतकाकांना बेल्याहून पुतण्या पंकजचा दंडवत, आणि चारुलता काकूंनाही तितकाच. काकूंच्या गुडघ्यांना नवं तेल मानवलं का? तुमची यामिनीताई फोनवर म्हणाली की तुम्ही साखर सोडली, आणि लगेच मागून काकूंचा आवाज आला की डब्यातली साखर मात्र रोज कमी होते आहे. मोठ्यांच्या भांडणात मी पडत नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल. कापूस यंदा बरा आला, त्यामुळे लग्नं बरी ठरली, त्यामुळे आपलं भांड्यांचं दुकानही बरं चाललंय. दिवसभर मशीन धरून ताटं, डबे आणि पराती यांच्यावर नावं घालतो आहे, उजवा हात झोपेतही थरथरतो असं मंजुषाचं म्हणणं आहे. आजीला शहाण्णव पूर्ण झाली. दात दोन, आवाज पूर्वीइतकाच.

तर बातमी आधी सांगतो, गोष्ट मागून. आपल्या फकिरा आजोबांचं नाव दगडावर चढलं! काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वरून पाचवं. मी स्वतः चंद्रपूरला जाऊन, कारागिराच्या शेजारी मांडी ठोकून ते कोरून घेतलं. (त्याने एक वेलांटी जरा आखूड काढली होती. मीही त्याच धंद्यातला, त्यामुळे ती त्याच्याकडून पुन्हा लांबवून घेतली, आणि चहा त्याच्याच पैशाने प्यायलो.)

आता मुळापासून ऐका. मागल्या वर्षी आपल्या गावात कमिटी बसली. चौकात दगड उभारायचा आणि गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर घालायची असं ठरलं. कमिटीचे अध्यक्ष मारोतराव, म्हणजे निवृत्त गिरदावर, पटवाऱ्यांच्या वरचे साहेब. नोकरी सुटून बारा वर्षं झाली, पण अजून माणसाकडे बघतात ते त्याच्या जमिनीच्या कागदांची नक्कल मागितल्यासारखं. मी आजोबांचं नाव घेऊन गेलो, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुया आजा तं लढाईतून पळून आलता, लेका. माह्या बापानं त्याले वावरात, पऱ्हाटीत लपलेला पाह्यला होता. दगडावर पळपुट्यायची नावं टाकाची का?" काका, हे बोलणं काही नवीन नाही. तुम्ही नोकरीनिमित्त लवकर हैदराबादला गेलात, म्हणून तुमच्या कानावर कमी आलं असेल. आम्ही ते विहिरीवर ऐकलं, पोळ्याला ऐकलं, बाबा गेले तेव्हा दहाव्याला ऐकलं. आजी तर ऐंशी वर्षं पळपुट्याची बायको म्हणून जगली. ती कधी कोणाला उलटून बोलली नाही. पण त्या दिवशी मी घरी आलो तर उंबऱ्यातच वाट बघत होती, आणि एवढंच विचारलं, "त्यायचं नाव हाय का?" मी नाही म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. काका, मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी कमिटीत जाऊन सांगितलं की कागद आणतो. मारोतराव म्हणाले, आन.

लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला मी तीन अर्ज पाठवले. ते गावातल्या रंजीताने तिच्या ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात भरून दिले. (अर्जात 'जवानाचा मोबाईल नंबर' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. माझाच घातला. तेव्हापासून एक कंपनी मला फकिराजी म्हणून फोन करते आणि गुडघ्याचा पट्टा विकू बघते. हवा असल्यास काकूंसाठी चौकशी करतो.) तिन्ही वेळा तेच उत्तर आलं की आदिलाबाद जिल्ह्यातला असा जवान आमच्याकडे नाही. मारोतराव रोज दुकानावरून जाताना सायकल हळू करायचे, बघायचे, आणि पुढे जायचे. शेवटी एकदा आजीच्या पायाला तेल लावताना मी माझं रडगाणं गायलो, तर ती म्हणाली की इकडून कशाला भरती होतील? इकडे निजामाचं राज्य, पटवाऱ्याला कळलं की तासाभरात सासऱ्यांना कळायचं. आजोबा पैनगंगा उतरून पलीकडे इंग्रजाच्या मुलखात गेले आणि आपल्या मामाच्या गावचे म्हणून नाव लिहून आले. हे तिला ऐंशी वर्षं ठाऊक होतं. मी म्हटलं, आजी, मग सांगितलं का नाही? म्हणाली, मले कोनी इच्यारलं?

चौथा अर्ज मामाच्या गावावरून टाकला, आणि दोन महिन्यांनी एक पानाचा कागद आला! मंजुषाने उंबऱ्यात उभं राहून मोठ्याने वाचला. फकिरा वल्द सखाराम, भरती १९४२, हुद्दा ड्रायव्हर. वच्छलाआत्या नेमकी त्या दिवशी आलेली होती. तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. तिने उरलेली ओळ ऐकलीच नाही, ऑटो धरून जैनथला गेली आणि दोन दिवस तिथे आपला बाप मिलिटरीचा ट्रक चालवायचा म्हणून सांगत फिरली. उरलेली ओळ अशी होती की ते खेचरांच्या पलटणीत होते. लगाम हातात धरून, पाठीवर तोफगोळे लादलेली चार खेचरं आसामच्या डोंगरात चढवायची, हे काम. (आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, चार होती न? ट्रकाले तं एकच इंजन असते.) जुलै त्रेचाळीसपासून आसामात, शेचाळीसमध्ये पलटण मोडली तेव्हा रीतसर सुट्टी, वर्तणूक चांगली. काका, पळपुट्याला कोणी रीतसर सुट्टी देतं का? मी तिथेच उडी मारली, आणि विक्रीसाठी आढ्याला टांगलेल्या शहाळ्याएवढ्या पितळी घंटेवर डोकं आपटलं. तिला चीर गेली, आता विकता येत नाही.

पण दोन दिवसांनी मंजुषाने कागद पुन्हा नीट वाचला. अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: पत्नीचं नाव, चंद्रभागा.

आपली आजी जयवंताबाई. आपल्या घरात चंद्रभागा नावाची बाई मी तरी ऐकली नव्हती. आत्याने (ती तोवर जैनथहून परत आली होती) हंबरडा फोडायला तोंड उघडलं, ते मंजुषाने हाताने बंद केलं, कारण आजी परसात मिरच्या वाळत घालत होती. मग कुजबुजत बैठक झाली. आजोबांनी पलीकडच्या गावी दुसरं घर केलं होतं की काय? मी म्हटलं, शहानिशा करतो. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून पैनगंगेचा पूल ओलांडला आणि मामाच्या गावात चंद्रभागाबाईंचा तपास सुरू केला. गावात चंद्रभागा सहा निघाल्या. पहिल्या पाच वयाने बसेनात. सहावी वारून वीस वर्षं झालेली, पण दोन मुलगे ओसरीवर होते. मी नम्रपणे विचारलं की तुमच्या आईची फकिरा नावाच्या शिपायाशी ओळख होती का. एकाने काठी उचलली, दुसऱ्याने कुत्रं सोडलं. त्यांना वाटलं, मी शेतात हिस्सा मागायला आलो. आणि मी वाटभर याच काळजीत होतो की हे लोक आपल्याकडे हिस्सा मागतील! कुत्र्याने पुलापर्यंत सोबत केली.

घरी आलो तोवर आत्याचा बांध फुटलेला होता. आजी तिच्यासमोर सूप घेऊन बसलेली आणि विचारत होती, "काऊन रडून राह्यली वं वच्छला? कोन मेलं?" आत्याने हुंदके देत सांगून टाकलं. आजी हसायला लागली. इतकी हसली की सुपातले तांदूळ अंगणात गेले. मग म्हणाली, "अवो, थे चंद्रभागा म्हंजे मीच व्हय ना. मायच्या घरचं नाव. या घरात मोठ्या जावेचं, थे बिचारी लवकरच गेली, तिचं नाव चंद्रभागाच होतं, तं सासूनं लग्नात माह्यं बदलून जयवंता करून टाकलं. सारे जयवंता म्हनाचे. पन त्यायनं मले एकटीले जयवंता कदीच म्हनलं नाई."

काका, मी अख्ख्या बेल्याच्या बायकांची नावं त्यांच्या भांड्यांवर घातली, आणि आपल्या घरातल्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं? खरं सांगा. मला त्या क्षणी फार लाज वाटली आणि त्याहून फार आनंद झाला. सरकारी माणूस समोर बसून नाव विचारतो आहे, आणि बावीस वर्षांचा पोरगा आईने ठेवलेलं नाव सोडून आपल्या मनातलं सांगतो, हे डोळ्यांसमोर आलं की अजूनही मी मशीन बंद करून दुकानाबाहेर जाऊन बसतो.

एवढ्यावर मारोतराव ऐकते तर ते मारोतराव कसले. भरल्या कमिटीत कागद उजेडात धरून म्हणाले, गाव वेगळं, बायको वेगळी, हा फकिरा तुमचाच कशावरून? शिनाख्त पाहिजे. मी तोंड उघडणार तोच दारात काठी वाजली. आजी! मंजुषाच्या खांद्यावर हात टाकून चौकापर्यंत चालत आली होती. पंधरा पुरुष बसलेले. ती उभ्याउभ्या मारोतरावांना म्हणाली, "बाप्पा, कागदावर त्यायच्या अंगाची खून लिवली असन. तू वाचू नको, मी सांगतो. उजव्या मांडीले, आतल्या अंगानं, चार बोटं लांब डाग. बैलाचं शिंग लागलं होतं." मारोतरावांनी कागद बघितला. शेजारच्याने बघितला. मग पंधराही जण आळीपाळीने बघू लागले. तसंच होतं, शब्दाला शब्द. मारोतराव काहीतरी बोलायचं म्हणून बोलले की तुमाले हे कसं ठाऊक. आजी म्हणाली, "बायकोले नाई तं काय गिरदावराले ठाऊक राहीन?"

त्यानंतर चर्चा झाली नाही. नाव एकमताने मंजूर. मारोतराव कान लाल करून बराच वेळ छताचा पंखा बघत होते, तो बंद होता. आजी घरी येऊन चहाबरोबर चार टोस्ट खाऊन झोपली. तेव्हापासून ती विहिरीवर जाऊन बसते, काही काम नसताना. मी नवीन तांब्या काढून त्यावर चंद्रभागा नाव घालून तिला दिला. तिला वाचता येत नाही, पण मागच्या शनिवारी तिने तो बाजारातून आलेल्या तीन अनोळखी बायकांना दाखवला.

दगड येत्या सव्वीस जानेवारीला उघडायचा आहे. पडदा थोरल्या मुलाने ओढायचा आणि दोन शब्द बोलायचे, असं कमिटीने (मारोतरावांनी स्वतः!) ठरवलं आहे. तेव्हा तुम्ही आणि काकू चोवीसलाच निघा. आजीने तुमच्यासाठी मिरचीचा ठेचा करायला घेतला आहे. आमच्या सगळ्यांचा नमस्कार घ्यावा, आणि साखरेबद्दल काकूंचं ऐकावं.

तुमचा,
फकिरा आजोबांचा नातू (आता हे ओरडून सांगतो)
पंकज

ता. क. काका, हे एकट्याने वाचा, काकू आंघोळीला गेल्यावर. कागद एक पान आला असं मी वर लिहिलं. दोन आले होते. दुसरं पान मंजुषाने वाचलं, मी दुकानात परातींच्या थप्पीत, अगदी तळाला ठेवलं आहे. त्यात असं आहे की फेब्रुवारी १९४४ मध्ये आजोबा नवी खेचरं घेऊन गाडीने परत चालले असता नागपूर स्टेशनावर जनावरांना पाणी पाजायला उतरले, ते चढलेच नाहीत. अकरा दिवस बेपत्ता. बाराव्या दिवशी स्वतःहून हजर, चौदा दिवस कोठडी. म्हणजे मारोतरावांच्या बापाने पऱ्हाटीत जो पाहिला तो आपलाच माणूस होता. आजीला विचारलं तर शांतपणे म्हणाली, "पयून आलेलं साऱ्यायनं पाह्यलं. वापस गेलेलं कोनी नाई पाह्यलं." मला तेवढं पुरलं. त्या डोंगरात, त्या लढाईत, चौदा दिवस कोठडी आहे हे ठाऊक असून आपल्या पायाने परत जाणारा माणूस माझ्या हिशेबाने दगडावर पाचवा नाही, पहिला पाहिजे होता. पण हे मारोतरावांना सांगायची गरज नाही.

ता. क. २. आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. तुम्ही प्रत्येक भाषण 'माझा जन्म एक जून एकोणीसशे चव्वेचाळीसचा' असं सुरू करता. या वेळी करू नका, पाया पडतो. एक जून ही शाळेतल्या गुरुजींनी सगळ्या पोरांना सारखीच वाटलेली तारीख. पण पहिलं पान कमिटीकडे आहे, आणि त्याप्रमाणे एक जूनच्या नऊ महिने आधी आजोबा आसामात होते. मारोतरावांनी बोटं मोजली तर आजीवर बालंट. म्हणून खरी तारीख सांगावी, तर आजी म्हणते तुम्ही तुळशीच्या लग्नाच्या दिवशी झालात. तिथून नऊ महिने मागे मोजून बघा काका, तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहात. तेव्हा कोणी वय विचारलंच तर 'ऐंशी पार' एवढंच म्हणावं आणि पडदा ओढावा.

ता. क. ३. वरचं लिहून झाल्यावर आजीला वाचून दाखवलं. मी म्हटलं, आजी, अकरा दिवसांपायी बिचाऱ्यांना चौदा दिवसांची सजा झाली. ती तांब्यातलं पाणी घटघट प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यायले चौदाच दिसाची झाली रे. मले नऊ मयन्याची झाली, अन् थे हैद्राबादले साखर खाऊन राह्यली."