मागच्या दाराचा निकाल

एल्रॉय,

आईच्या अपिलाचा निकाल आला. हरलो. चुकीच्या घरात घुसून तिचं खुब्याचं हाड मोडणाऱ्या पोलिसाला कायद्याचं संरक्षण आहे. आधीच्या एका खटल्यात पुढचं दार फोडणं बेकायदा ठरलं होतं, आपलं फोडलं मागचं. म्हणून हे बेकायदा आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता म्हणे. लायब्ररीत बसून कायदा शिकलो, पण असली बारकाई मलाही जमली नसती.

आई म्हणाली, "मग सांगा त्याला, पुढच्या खेपेला पुढून ये. कॉफी टाकते."

तुझ्या जुन्या गांजाच्या अटकेबद्दल ज्युरीला ऐकू दिलं, ही खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांची चूक होती, हे वरच्या कोर्टाला मान्य आहे. पण पोलिसाला संरक्षण होतंच, तेव्हा त्या चुकीने काही फरक पडला नाही, असं ते लिहितात.

ज्युरीने आपल्याविरुद्ध निकाल दिला, त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तू म्हणालास, "ऑरविल, माझ्यामुळेच गेली ना रे केस?" आणि टेक्सासला निघून गेलास. तेव्हापासून आईचा फोनसुद्धा उचलत नाहीस.

"फरक पडला नाही" हे मी तुला लिहायला हवं. पण तुझं नाव निघालं आणि ज्युरीतल्या बाईने टिपणं घेता घेता पेन्सिल खाली ठेवली, ती पुन्हा उचललीच नाही. मी बघत होतो. खोटं लिहायला माझा हात वळत नाही.

म्हणून हे पत्र इथेच राहील. तुला निकालातलं "फरक पडला नाही" म्हणणारं तेवढंच पान पाठवतो. त्यावर न्यायाधीशांच्या सह्या आहेत, माझी नाही. ते वाच, खरं मान, आणि आईला फोन कर.

थकलेला,
तुझा भाऊ ऑरविल