बाबांचे बूट

कॅरी (अमेरिका), शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६

आज शेवटी रोल धुऊन आणला. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही हा बाबांचा नियम. ते गेले तरी इतके महिने तो कॅमेऱ्यातच पडून होता. उरलेले फोटो काल पार्किंग लॉटचे काढून संपवले.

मेमध्ये त्यांना इकडे आणताना आम्ही जर्मनीत उतरलो होतो. तिथल्या एका गावातली जुनी गॉथिक चर्च त्यांना बघायचीच होती. प्रत्येक दारात मला उभं करायचे आणि वरचं टोक फोटोत यावं म्हणून मागे मागे जायचे. "आता तुमचा काढते," म्हटलं की, "माझा कशाला? रोल वाया जातो."

सगळ्या फोटोंत मीच, मुंगीएवढी. बाबा एकातही नाहीत. त्यांनी वाचवलेले फोटो मी पार्किंग लॉटवर घालवले.

फक्त एकात, माझ्या शेजारी पायरीवर, त्यांचे बूट आहेत. इथे काढत नाहीत म्हणून किती सांगितलं, तरी देवळासारखे बाहेर काढून नीट जोडीने ठेवलेले.

म्हणजे हा फोटो काढताना बाबा नुसत्या मोज्यांनीच मागे मागे गेले. पाऊस पडून गेला होता. दगड ओले होते.