ओट्यावरचा नवा तवा

भाविका,

टोफू फडक्यात गुंडाळून वरवंट्याखाली ठेवलाय. पाणी निथळलं की तुकडे कर, हळद-तिखट-मीठ चोळ, रव्यात घोळव आणि खरपूस भाज. काल मी पाणी न काढताच भाजला, म्हणून चुरा झाला.

तोही सुरमईच्या तव्यावर. तुमच्यात मासळी चालत नाही, हे ठाऊक असून. तुझ्या आईला वास आला, तरी पोट भरलंय एवढंच म्हणून तिने ताट सरकवलं. वर मीच फणकारले, "कोळ्यांच्या हातचं नको असेल!" तू मान खाली घालून ताट उचललंस.

ओट्यावर नवा तवा आहे, तो तुझाच. आईला आज परत जेवायला बोलाव. फोन करायला मला तोंड नाही. मासळी संपली तरी मी बाजारातच बसेन, म्हणजे ती निवांत जेवेल.

तुझी सासू