बाराला आलेलं माणूस

गुरुवार, ५ फेब्रुवारी १९५३

आक्का आली होती. मी तिला दारातूनच परत पाठवलं!

दत्तगुरू दुपारी कोल्हापुरात भिक्षेला येतात, म्हणून आमच्या घरी गुरुवारी बाराला दारात येईल त्याला उपाशी पाठवत नाहीत. कोण, कुठला, विचारायचं नाही. त्याला वाढल्यावरच दादा घास घेतात. आणि ही नेमकी बाराला हजर! बोलणंसुद्धा पार कागलचं झालंय — 'विमल, जेवायला वाढतीस न्हवं?'

काय पण युक्ती. जातीबाहेर ईरप्पाशी लग्न करून गेली, तेव्हा दादांनी जिवंत लेकीच्या नावाने आंघोळ केली होती. मग आई गेली, दादांचं अर्धं अंग लुळं पडलं, माझी शाळेतली नोकरी सुटली. हे सगळं निस्तरलं कुणी? 'दादा झोपलेत,' म्हटलं आणि दार लावलं.

नंतर कुणी फिरकलंच नाही. दादा विचारत राहिले, 'कोण आलं?' — 'कुणी नाही.' त्यांनी ताट सरकवलं. दिवसभर उपाशी.

शुक्रवार, ६

झोप नाही. देव काय असा येतो? हक्काने जेवायला मागत?

रविवार, ८

दादांनी औषध माझ्या अंगावर थुंकलं. मी वाटी आपटली. 'मरा एकदाचे' अगदी ओठांवर आलं होतं. मग चांगल्या हाताने तेच माझा पदर पुसत बसले. रडूच फुटलं मला.

देवापुढे बसले तर मन आक्काच्या पायांवर. धुळीने भरले होते. मोटारतळापासून चालत आली असणार. साधं पाणी विचारलं नाही मी.

गुरुवार, १२

सकाळपासून आत-बाहेर चालू होतं. ती आली. मी पाट मांडला. आतून दादा — 'कोण आहे?'

'आक्का.'

दादा ओरडले, 'बाराला आलेल्याचं नाव कशाला सांगतेस? वाढ.'

आक्का घास घेईना. 'तू बी बस की. किती वाळलीस.' मी रोज ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास गिळते. बस म्हणायला आहे कोण इथे?

'दादांसाठी आलीस ना?' मी जरा कुजकटच विचारलं.

'तुझ्यासाठी आलोय. आमच्या अत्ती म्हणाल्या,' — सासूला आता अत्ती म्हणते! — 'तिला चार दिस हिकडं इसाव्याला धाड, म्हाताऱ्याचं तू कर. त्या दिवशी तेच सांगाय आलतो. तू दारच लावलंस.'

देवाला दारातून हाकललं मी, आणि तो पुन्हा आला.

शनिवार, १४

कागलच्या मोटारीत लिहिते आहे, अक्षर हलतंय. निघताना दादांच्या पाया पडले. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'तिला औषधाच्या वेळा सांगितल्यास का?'