पोपटरावांच्या खिशातले फ्यूज

३ मार्च २००१, शनिवार

भट्टीचा ब्लोअर आज दोन तास बंद! कारण काय, तर आमचे वायरमन पोपटराव, सगळ्यांचे मामा, फ्यूज खिशात घालून न्हावऱ्याला घरी निघून गेले. कामाला हात घालण्याआधी तिन्ही फ्यूज काढायचे आणि पँटच्या खिशात टाकायचे – बावीस वर्षं हीच रीत. "फ्यूज माझ्यापाशी आसलं की कुणी मशिन चालूच करू शकत न्हाई, सायेब." आणि तोच खिसा घेऊन एसटीत बसायचं. डिग्री घेतलेला इंजिनिअर मी, आणि वाट बघायची एका म्हाताऱ्याच्या पँटची.

५ मार्च

नवा नियम लावला. काढलेले फ्यूज पॅनेलशेजारच्या फळीवर ठेवायचे, वर लाल पुठ्ठा टांगायचा – काम चालू आहे. सगळ्यांसमोर मामांना खिसे उलटे करायला लावले. तंबाखूची पुडी, एसटीचा पास, आणि एक फ्यूज. सगळे हसले. मीही हसलो.

"फळीवरचं कुणीबी उचलंल की," पुटपुटले. म्हटलं, मामा, तुमचं डोकं ठिकाणावर नसतं, आम्हाला अक्कल शिकवू नका.

७ मार्च

शिक्रापुरात खोलीला पाणी नाही, कंपनीत कुणाला डोकं नाही. आज मामा पुठ्ठा काढायला विसरले. नियम पाळायचा म्हटलं तरी धड जमत नाही.

९ मार्च

आज परत विसरले. काम कधीच संपलेलं, पुठ्ठा आपला लटकतोय. चारचौघांत झापलं.

१२ मार्च, सोमवार

पोपटरावांना शॉक बसला. शेडमागे ब्लोअरच्या मोटरची केबल बदलत होते. इकडे आत कुणीतरी फ्यूज लावून स्टार्टर दाबला. उजवा हात पार भाजला. जीपमध्ये घालून शिरूरला नेलं.

मॅनेजर ओरडला, "कुणी लावले फ्यूज?" सगळे माना खाली घालून उभे. मेंढरं नुसती! सकाळी हाच मॅनेजर 'ब्लोअर चालू करा' म्हणून माझ्या बोकांडी बसला होता, ते मात्र विसरला.

१४ मार्च

दवाखान्यात गेलो. दोन बोटं काढावी लागली. मॅनेजरनं मामांच्या सहीसाठी माझ्याच हाती कागद दिला होता – चूक माझी, नोकरी सोडतो. मामांनी तो वाचलाही नाही.

"म्याच लावलं आसतील वो, सायेब. तुमी म्हणता ते खरंय. ध्यानात ऱ्हात न्हाई आताशा."

त्यांच्या पत्नी, धुरपदाबाई, उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आवं, बावीस वर्सात कवा इसारला न्हाईत, आन् आत्ताच कसं इसारलं?"

मामा माझ्याकडे बघत होते. "सायेब, मीच आसंन ना?"

म्हणालो, "वय झालं मामा, होतं असं."

उजव्या हाताला पट्टी. सही येणाऱ्या माणसानं डाव्या हाताचा अंगठा दिला. शाईचं पॅड मी धरलं होतं.

१५ मार्च

फ्यूज मी लावले. पुठ्ठा टांगलेला होता. वाटलं, म्हातारा आजही काढायला विसरला.