अर्धा किलो

शिरड शहापूर,
७ सप्टेंबर २००६

प्रिय निलम,

तुझा फोन देविदासच्या दुकानावर आला आणि निरोप संध्याकाळी तांड्यावर पोहोचला: खेळ सोडला, वसतिगृह सोडून कायमची घरी येते. इतका मोठा निर्णय तू दुकानदाराच्या तोंडी देऊन मोकळी झालीस, याचा मला राग आला आहे. तो लपवून मी लिहिणार नाही.

दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत आपल्या कबड्डी संघाने सुवर्णपदक मिळवले. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात तू कडेला उभी आहेस. तू एकही सामना खेळली नाहीस, वजनमर्यादेपेक्षा अर्धा किलो जास्त भरलीस म्हणून तुला मैदानात उतरू दिले नाही, हे इथे कोणाला सांगूनही पटत नाही. तांड्याचे नायक लालसिंगकाका तर ट्रॅक्टर सजवून मिरवणूक काढायला निघाले होते. मी अडवले, तेव्हा म्हणाले, "सोनं आलं का न्हाई? मैदानात कोन व्हतं, हे कोन इचारून राहिलं? तुमी कापूस मोजनारे आनंदातबी वजनातल्यासारखी कटती करता." सारा तांडा हसला. मला हसू आले नाही.

स्पर्धेला निघण्याआधी तिजेच्या सणासाठी तुला दोन दिवसांची रजा मिळाली, तेव्हाच मी घरोघरी बजावले होते की पोरीचे वजन व्हायचे आहे, तिला काही खाऊ घालू नका. सर्वांनी माना डोलावल्या. मग गव्हाच्या रोपांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तुम्ही पोरी नाचलात आणि प्रत्येक दारी तुपातली लापशी तुझ्यापुढे आली. देशासाठी निघालेली लेक आपल्या दारातून उपाशी जाता कामा नये, एवढाच प्रत्येकीचा हट्ट. शेजारच्या पद्माबाई मलाच म्हणाल्या, "एका घासानं काय व्हतंय?" एका घासाने काही होत नाही, हे मान्य, परंतु तांड्यात चाळीस चुली आहेत.

लापशी नाकारणे म्हणजे ते घर नाकारणे, हे मी जाणतो. म्हणून तुला बोल लावता येत नाही. वजन करणाऱ्या अधिकाऱ्याला दोष द्यावा, तर तेही जमत नाही. जवळा बाजारच्या जिनिंगमध्ये मी वीस वर्षे कापसाच्या काट्यावर उभा आहे. थावरासारखा आपलाच माणूस "साहेब, किलोभर सोडा" म्हणून हात जोडतो, तरी काटा दाखवतो तेच मी धरतो. आता माझ्याच लेकीचा अर्धा किलो सोडायला हवा होता, असे कोणत्या तोंडाने म्हणू? ही चडफड कोणावर काढावी, तेच कळत नाही.

पुढील शिबिराची निवड दिवाळीनंतर आहे आणि तिथेही आधी वजनच होणार. तू येतेस हे ऐकून आईचा जीव म्हणून तुझी याडी सुखावेल, असे मला वाटले होते. ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "लिवा तिला, येऊ नको म्हनावं. दिवाळीलाबी न्हाई." मी विचारले, "काहून?" खाली बघतच म्हणाली, "लेकरू दारात उभं ऱ्हायलं, तर वाढताना माझा हात थांबनार न्हाई." हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहितो आहे. घरी येऊ नकोस.

तुझी वाट न पाहण्याचा प्रयत्न करणारा,
तुझाच
बा